भिंग राहिलं, फ्लँज गेली

गेले काही महिने घरात माझी चेष्टा चालू आहे. "झाली का तुझी बांगडी?" असं आत्या दर फोनला विचारते. बायकोने तर शेजारच्यांना सांगून टाकलंय की आमच्याकडे एक पितळी रिंग शोधायचं काम चालू आहे, त्यामुळे रविवारी हे घरी नसतात. ज्यांना कॅमेऱ्यातलं थोडंफार कळतं तेही विचारतात, "अरे, एवढी चांगली लेन्स आहे ना तुझ्याकडे? मग एका साध्या रिंगेसाठी एवढं काय?"

तर त्या साध्या रिंगेबद्दल आज लिहायचं आहे. हे पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा. शेवटी नातेवाईकांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. ती वाचल्याशिवाय कुणी पान बंद करू नये.

आधी ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. जुन्या स्टुडिओतला मोठा कॅमेरा आठवा. लाकडी चौकट, मध्ये चामड्याचा नाहीतर कापडाचा काळा भाता, मागे दुधी काच, आणि डोक्यावरून काळं कापड घेतलेला फोटोग्राफर. या कॅमेऱ्यात फिल्म मोठी लागते. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. पुढच्या बाजूला एक सुटी होणारी लाकडी फळी असते, तिला लेन्स बोर्ड म्हणतात. या फळीला मोठं भोक पाडून त्यावर पितळेची एक चपटी चकती तीन-चार स्क्रूंनी बसवलेली असते. चकतीच्या आतल्या कडेला आटे असतात आणि लेन्सच्या पितळी नळीला बाहेरून आटे असतात. लेन्स त्यात फिरवून बसवायची. ही चकती म्हणजे फ्लँज. बाटलीचं झाकण आणि बाटलीचं तोंड जसं, तसं हे नातं आहे. फरक इतकाच की इथे प्रत्येक कंपनीच्या बाटलीचं तोंड वेगळं.

आता ही फ्लँज हरवते कशी, ते बघा. ती कुणाच्या हातून पडत नाही, चोरीलाही जात नाही. स्टुडिओ बंद होतो, सामान निघतं. कुणीतरी जाणकार (किंवा स्वतःला जाणकार समजणारा) येतो, लेन्सला हात घालतो आणि डावीकडे फिरवतो. चार-पाच फेऱ्यांत लेन्स हातात येते. जड, पितळी, वर इंग्रजी नाव कोरलेलं. ती पिशवीत जाते. फ्लँज स्क्रूंनी फळीला जखडलेली असते, तिच्याकडे कोण बघतो? फळी कॅमेऱ्याबरोबर जाते आणि कॅमेरा लाकूड म्हणून जातो.

प्रेसमधल्या मोठ्या प्रोसेस कॅमेऱ्यांचं तेच झालं. ब्लॉकमेकिंग आणि ऑफसेटच्या कामासाठी आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत हे खोलीएवढे कॅमेरे होते. त्यावर रोडेनस्टॉकच्या आपो-रोनारसारख्या अप्रतिम लेन्स असायच्या. कॉम्प्युटर आला, कॅमेरे मोडीत निघाले. लेन्स बाजारात आल्या, फ्लँजा भंगारात वितळल्या. म्हणून आज बाजारात लेन्स मिळते आणि फ्लँज मिळत नाही. भिंगाला किंमत आहे हे सगळ्यांना कळतं. ते भिंग ज्याच्यावर उभं राहतं त्याची किंमत ते गेल्यावर कळते.

माझ्याकडची लेन्स आमच्या काकांची. साताऱ्याला त्यांचा स्टुडिओ होता हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत आहे, कारण निम्म्यांचे मुंजी-लग्नांचे फोटो तिथलेच. कॅमेरा 'वागीश्वरी'. केरळात आलेप्पीला हे भात्याचे लाकडी कॅमेरे बनायचे आणि एकेकाळी ते देशभरातल्या स्टुडिओंत होते. लेन्स मात्र काकांनी कुणा निवृत्त फोटोग्राफरकडून जुनी घेतलेली, इंग्लंडची. टेलर, टेलर अँड हॉब्सन, लेस्टर यांनी केलेली कुक, आठ इंची, एफ ६.५. तिला शटर नाही. काका पुढचं टोपण काढायचे, "हलू नका" म्हणायचे, मनात मोजायचे आणि टोपण परत लावायचे. त्यांच्या मोजण्यावर अख्ख्या गावाचे चेहरे उमटले.

काका १९९८ साली गेले. स्टुडिओची जागा भाड्याची होती, ती महिन्याभरात रिकामी करून द्यावी लागली. लेन्स माझ्याकडे आली आणि कपाटात पडून राहिली. दोन वर्षांपूर्वी मला एक जुना हाफ प्लेट कॅमेरा मिळाला, रिकामा, लेन्स नसलेला. आणि मनात आलं की काकांच्या लेन्समधून काकूचा एक फोटो काढावा. काकू आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काकांनी तिचा शेवटचा चांगला फोटो काढला तेव्हा ती चाळिशीत होती. नंतर "गिऱ्हाइकांचे काढा, माझे पुरेत" म्हणून ती कधी कॅमेऱ्यासमोर बसलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्याच भिंगातनं काढणार असशील तर बसते."

आता माझी पंचाईत समजली ना?

सुरुवात केली ती पुण्याच्या जुन्या बाजारापासून. रविवारी सकाळी लवकर जायचं, खिशात व्हर्नियर. लोक नळाचे कॉक आणि स्पॅनर उलटेपालटे करत असतात, मी प्रत्येक पितळी रिंगेचा आतला व्यास मोजत फिरत होतो. मिळालं काय? स्टोव्हचे भाग, दिव्याच्या रिंगा आणि एक फार सुंदर जहाजी कंपासचं कडं, जे मी उगाचच घेतलं. मग मुंबईला फोर्टात बोरा बाजाराच्या गल्ल्यांत गेलो. तिथे कॅमेऱ्याच्या दुकानांत जुनी माणसं आहेत. एकांनी काउंटरखालून बिस्किटाचा डबा काढला, त्यात वीस-पंचवीस फ्लँजा होत्या. मी हरखलो. अर्धा तास एकेक लावून बघितली. एकही बसली नाही. ते म्हणाले, "हे असंच असतं साहेब. डबा भरलेला आणि हवी ती नाही."

त्यानंतर मी एक चूक केली. इंटरनेटवर एका परदेशी विक्रेत्याकडे एक जुनी फ्लँज दिसली, व्यास जवळपास जुळत होता, मागवली. पोस्टाने आली. लेन्स लावून फिरवली, छान धरली. एक फेरी झाली, दीड झाली आणि घट्ट. मी आणखी जोर लावणार होतो. नशीब की फोन वाजला. परत येऊन भिंगाखाली बघितलं तर लेन्सच्या पहिल्या आट्यावर पितळ चमकायला लागलं होतं. आणखी पाव फेरी दिली असती तर शंभरेक वर्षं टिकलेले आटे मीच खाल्ले असते.

असं का होतं, हे समजून घेण्यात माझे बरेच दिवस गेले आणि हा सगळ्यात उपयोगाचा भाग आहे. आट्यांना दोन मापं असतात, व्यास आणि पीच. पीच म्हणजे एका आट्याच्या शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर. जुन्या इंग्रजी लेन्सचे आटे इंचावर मोजतात. माझ्या लेन्सचा व्यास दोन इंच आणि इंचाला २४ आटे. म्हणजे पीच १.०५८ मिलिमीटर. युरोपातल्या फ्लँजेची पीच १ मिलिमीटर. फरक किती? एका आट्याला सहा शतांश मिलिमीटरही नाही. पहिल्या फेरीत तो ढिलाईत जिरतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला साठत साठत अडतो. शिवाय इंग्रजी आट्यांचा कोन ५५ अंश, तो जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेल्या पद्धतीतला. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. म्हणजे दोघांचे दातही एकमेकांत नीट बसत नाहीत. तेव्हा पहिली फेरी सहज गेली म्हणून "बसली!" असं म्हणू नये. बोटांनी, अजिबात जोर न लावता शेवटपर्यंत गेली तरच बसली.

पीच मोजायची कशी? हार्डवेअरच्या दुकानात पीच गेज मिळतो, कंगव्यासारख्या पात्यांचा. व्हिटवर्थचा मागून घ्या, नुसता मेट्रिक नको. पातं आट्यांवर ठेवायचं आणि उजेडाकडे धरायचं. पातं आणि पितळ यांच्यामधून उजेड दिसला नाही की ते तुमचं माप. गेज नसेल तर जितके आटे आहेत तितक्यांवर एकदम मोजा. सहा आट्यांचं अंतर माझ्या लेन्सवर ६.३५ मिलिमीटर येतं, एक मिलिमीटर पीच असती तर बरोबर ६ आलं असतं. एकाच आट्यावर मोजायला गेलात तर व्हर्नियर तुम्हाला फसवणार.

इथे मला एक गंमत सापडली. टेलर, टेलर अँड हॉब्सनमधला विल्यम टेलर म्हणजे नुसता भिंगवाला नव्हता. पुण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुणालाही 'गो' आणि 'नो-गो' गेज विचारा. एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. हे गेज कसे असावेत याचा जो नियम इंजिनीअरिंगच्या पोरांना शिकवतात, तो टेलरचा नियम म्हणून ओळखला जातो आणि तो टेलर हाच. साल १९०५. 'गो' गेजने सगळी मापं एकत्र तपासावीत आणि 'नो-गो' गेजने एका वेळी एकच. गोल्फच्या चेंडूवर जे खळगे असतात त्यांचं पेटंटही याच माणसाच्या नावावर. म्हणजे एका कारखान्यातला भाग दुसऱ्या कारखान्यातल्या भागात न घासता, न ठोकता बसला पाहिजे, याचा ध्यास घेतलेल्या माणसाच्या कंपनीची लेन्स माझ्या हातात होती आणि ती कशातच बसत नव्हती. :-)

यात टेलरचा दोष नाही. त्या काळात ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीनेही फ्लँजांची मापं एकसारखी करायचा प्रयत्न केला होता. पण जर्मनीचं माप वेगळं, फ्रान्सचं वेगळं, आणि त्याआधीच्या लेन्स तर ज्याने त्याने आपल्या लेथवर जमेल तशा केलेल्या. एकाच कंपनीची एकाच नावाची लेन्ससुद्धा दुसरीच्या फ्लँजेत बसेल याची खात्री नसायची, कारण फ्लँज त्या लेन्सबरोबरच कापून दिलेली असे.

कुणी म्हणेल, जुन्याचं हे असंच, नवं घ्यावं. नव्याचं ऐका. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मोठ्या फॉरमॅटच्या लेन्स शटरमध्ये बसवलेल्या येतात. त्यात कोपलची मापं ठरून गेली: कोपल झीरोला बोर्डाचं भोक ३४.६ मिलिमीटर, एकला ४१.६ आणि तीनला ६५. इथे फ्लँज नाही, मागून एक पातळ रिंग घट्ट करायची असते. ती रिंग दोन खाचांची, कागदासारखी हलकी, आणि लेन्स एका बोर्डवरून दुसऱ्यावर नेताना हमखास टेबलाखाली जाते. जुन्या बाजारात आलेल्या निम्म्या लेन्सना ती नसते. शिवाय शटरच्या पाठीला एक बारीक पिन असते, शटर बोर्डवर फिरू नये म्हणून. बोर्डाला तिच्यासाठी खाच नसेल तर शटर सपाट बसत नाही, आणि लोक रिंगेला दोष देत बसतात. मापं ठरलेली असल्याने या रिंगा निदान मिळतात, नव्याही बनतात. पण ती शटर बनवणंच कंपनीने थांबवलंय. तेव्हा आज जे 'नवं' आहे, त्याचीही फ्लँज व्हायला फार वेळ लागणार नाही.

या सगळ्या शोधाशोधीत सल्ले भरपूर मिळाले. त्यातले तीन सांगतो, कारण माझं मत त्यांच्याबद्दलच आहे.

पहिला सल्ला: अ‍ॅराल्डाइट लाव. फळीला लेन्स चिकटवून टाक, कोण बघतंय? चिकटेल, प्रश्न नाही. पण उद्या ती काढायची झाली तर? साफ करायची झाली तर? चिकटवलेली लेन्स म्हणजे त्या फळीपुरती संपलेली लेन्स.

दुसरा सल्ला: थ्रीडी प्रिंट करून घे. हा सल्ला वाईट नाही. हलक्या लेन्ससाठी आणि मुख्य म्हणजे माप बरोबर आहे की नाही हे बघण्यासाठी फारच चांगला. शंभर-दोनशे रुपयांत नमुना हातात येतो. मी पण केला आणि त्याच्यामुळे २४ आट्यांची खात्री पटली. पण साधं प्रिंटिंगचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा राहिला तर लेन्स नाक खाली घालून बसेल. नमुना म्हणून होय, कायमची म्हणून नाही.

तिसरा सल्ला एका वर्कशॉपमध्ये मिळाला. तरुण ऑपरेटर होता, सीएनसीवर हुशार. त्याने लेन्स हातात घेतली आणि म्हणाला, "सर, हे आटे झिजलेत पण. हेच साफ करून मेट्रिक करून देतो ना. मग कुठलीही रिंग बसेल." अगदी मनापासून सांगत होता. मी लेन्स त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. नंतर वाईट वाटलं, कारण त्याच्या दृष्टीने त्याने सरळ उत्तर दिलं होतं.

पण माझं म्हणणं आहे ते हेच. नवीन भाग जुन्याला जुळवून घ्यावा, जुना भाग नव्याला जुळवायला कापू नये. फ्लँज चुकली तर दुसरी करता येते, तिसरी करता येते. लेन्सचे आटे एकदा कापले की ते गेलेच. त्या लेन्सची मूळ फ्लँज उद्या कुठे डब्यात सापडली, तरी ती आता परकी. जे परत करता येतं ते खर्च करावं, जे परत करता येत नाही त्याला हात लावू नये. हे कॅमेऱ्यापुरतं आहे असं मला वाटत नाही, पण तो विषय वाढवत नाही. असो.

(एक चौथी सोयही आहे. पूर्वी एक 'आयरिस' फ्लँज मिळायची. डोळ्याच्या बाहुलीसारख्या पात्यांनी कुठल्याही जाडीची लेन्स आवळून धरायची. आट्यांची भानगडच नाही. आज ती मिळाली तर लगेच घ्या आणि मला कळवा. तिची किंमत बहुधा लेन्सपेक्षा जास्त असेल.)

शेवटी फ्लँज झाली ती साताऱ्यातच. एमआयडीसीत एक मिस्त्री आहेत, वय सत्तरीच्या पुढे, शेड मुलाकडे दिलेली. मुलगा सीएनसीवर काम करतो, कोपऱ्यात वडिलांचा जुना लेथ आहे. मी कागदावर माप लिहून नेलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि लेन्सच्या नळीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. म्हणाले, "चोवीस. व्हिटवर्थ. विलायती हाय." मी दोन महिने जे शोधत होतो ते त्यांनी नखाने सांगितलं.

त्यांच्या लेथचा लीडस्क्रू इंचातला, इंचाला चार आटे. चोवीसला चारने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी नट कुठेही लावला तरी हत्यार नेमकं आधीच्याच खाचेत उतरतं. हाच लेथ मेट्रिक असता तर इंची आट्यांसाठी १२७ दातांचं गिअर शोधत बसावं लागलं असतं, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याला सरळ भाग जाणारा दुसरा आकडा नाही. ज्या लेथला सगळे जुनाट म्हणतात, तोच या कामाला नेमका होता.

कुणाला करून घ्यायची असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. वर्कशॉपमध्ये जाण्याआधी लेन्सची पुढची आणि मागची भिंगं त्यांच्या कड्यांसकट काढून घरी ठेवा, फक्त रिकामी नळी न्या. पितळेचा कीस काचेवर गेला की संपलं. आणि दुसरं, टर्नरला मापाचा कागद देऊन घरी येऊ नका. तिथे थांबा. त्यांनी पितळेच्या गट्टूला ४९.४ मिलिमीटरचं भोक घेतलं, हत्याराला ५५ अंशांची धार लावली आणि थोडं थोडं कापत गेले. दर वेळी ब्रश आणि रॉकेलने कीस धुऊन नळी लावून बघायची. सातव्या की आठव्या वेळी ती अर्धा आटा शिरली. पुढे प्रत्येक वेळी केसाएवढं. आणि मग एकदा ती बोटांनी फिरत फिरत शेवटपर्यंत गेली आणि थांबली. ना घट्ट, ना सैल. मिस्त्रींनी मला हाताने फिरवून बघायला लावलं. तेव्हा मला विल्यम टेलरला काय हवं होतं ते कळलं.

निघताना त्यांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. लेन्सच्या आट्यांसारखेच आटे एका लोखंडी तुकड्यावर पाडून दिले. म्हणाले, "ही डमी ठेवा. पुढच्या टायमाला भिंग आणू नका, ही आणा. मी नसलो तरी पोरगं ह्याच्यावर कापंल." त्या तुकड्यावर मी २४ - २ इंच असं कोरून घेतलंय. तो आता लेन्सच्या डब्यात आहे.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची वस्तू ती डमी आहे. आपण जुन्या वस्तू जपतो म्हणजे काय करतो? चकचकीत भाग शोकेसमध्ये ठेवतो. त्या वस्तूचं माप कुठे लिहून ठेवत नाही, ते माप कापू शकणाऱ्या माणसाचं नाव विचारत नाही. कॅमेरे जमवणारे खूप आहेत. आट्यांची मापं जमवणारे फार थोडे आणि नखाने आटा ओळखणारे त्याहून थोडे. लेन्स अजून शंभर वर्षं टिकेल. मिस्त्रींसारखी माणसं तेवढी थांबणार नाहीत. तेव्हा ज्यांच्याकडे अशी लेन्स आणि तिची फ्लँज दोन्ही आहेत, त्यांनी आजच मोजून एक चिठ्ठी डब्यात टाकावी: व्यास किती, आटे किती, इंची की मेट्रिक. आणि ज्यांच्या घरी कुणाचा स्टुडिओ आवरायची वेळ येईल, त्यांनी लेन्स फिरवून काढू नये. एक स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा, फळीवरचे चार स्क्रू काढावेत आणि फ्लँज लेन्सला लावूनच घरी आणावी. पाच मिनिटांचं काम आहे. फळीच आणली तर आणखी उत्तम.

हे मी इतक्या अधिकाराने का सांगतोय, ते आता नातेवाईकांसाठी.

आपल्या घरात गेली पंचवीसहून जास्त वर्षं एक वाक्य बोललं जातं, "दादाने काकांचा कॅमेरा भंगारात घातला." गणपतीला जमलो की कुणीतरी काढतंच. दादा हसून सोडून देतो. खरं असं आहे की त्या दुपारी स्टुडिओत मी एकटा होतो. दादा टेम्पो आणायला गेला होता. लेन्स मी काढली. रुमालात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत ठेवली. भंगारवाला दारात आला तेव्हा त्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे पण न्यायचं का?" आणि मी म्हणालो, "ने, नुसतं लाकूड आहे." दादा आला तोवर गाडी गेली होती. भंगारवाल्याने पैसे दादाच्या हातात दिले होते, एवढाच त्याचा संबंध. संध्याकाळी काकूने विचारलं तेव्हा दादा माझ्याकडे बघून गप्प राहिला, मीही गप्प राहिलो. मग ते तसंच राहून गेलं.

त्या 'नुसत्या लाकडावर' ती फ्लँज होती. इतके महिने मी जी शोधत फिरलो, ती माझ्याच तोंडाने मी देऊन टाकली होती.

हे लिहिण्याआधी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, मी हे लिहिणार आहे." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मिस्त्रीनं किती घेतले?" म्हटलं, सहाशे. "बरं झालं," म्हणाला, "मला भंगारवाल्यानं चाळीस दिले होते. ते अजून तुझ्याकडून येणं आहे."

मागच्या महिन्यात काकू बसली. खिडकीजवळ, खुर्चीवर, उजेड डावीकडून. फिल्मऐवजी ब्रोमाइड पेपर लावला होता, त्याला उजेड फार लागतो, म्हणून टोपण काढून सहा सेकंद मोजायचे होते. मी म्हणालो, "काकू, हलू नकोस हं." ती म्हणाली, "मला नको सांगूस, मी तुझ्या काकांसमोर बसलेय." आणि खरंच, सहा सेकंदांत पापणीही हलली नाही.

फोटो दादाच्या घरी लावलाय. गणपतीला येाल तेव्हा बघा. आणि दादाला आता कुणी काही बोलायचं नाही.